बर्फातली मेंढरं कुणाची?

गेल्या डिसेंबरात मी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला एक चित्र ठेवलं होतं. बर्फाने भरलेली वाट, दोन्ही बाजूंना पानं झडलेली झाडं, झाडांमागे उतरतं केशरी ऊन आणि वाटेवरून आपल्याकडे येणारा मेंढ्यांचा कळप. चित्रकार जोसेफ फार्कहरसन, स्कॉटलंडचा. चित्राखाली मी पाच-सहा ओळींची एक गोष्ट लिहिली होती. एक मुलगी खिडकीत दिवा लावून वाट बघते आहे, बाहेर बर्फ पडतो आहे, पत्र काही येत नाही. अशा गोष्टी मी बऱ्याच लिहितो. तासाभरात तीस-चाळीस जणांनी बदाम पाठवले.

रात्री अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. पारनेर तालुक्यात आमची पाच एकर जमीन आहे. अण्णा माझं स्टेटस रोज बघतात, पण त्यावर कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"ती मेंढरं कुणाचीयेत रं?"

"चित्र आहे अण्णा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं."

"ते कळतंय मला. पण एवढ्या थंडीत ती खात्यात काय? गवत तर सगळं झाकून गेलंय. आन् रातच्याला कुणाच्या वावरात बसवायची? वाघर कुठं दिसंना."

वाघर म्हणजे रात्री मेंढ्या कोंडायची दोरीची जाळी. आमच्याकडे धनगरांचे वाडे येतात तेव्हा शेतकरी त्यांना वावरात मेंढ्या बसवायला सांगतो, लेंडीखत मिळावं म्हणून. त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. अण्णांच्या डोक्यात तो सगळा हिशेब होता. मी हसलो, विषय बदलला, फोन ठेवला.

झोप मात्र लवकर आली नाही. मी ते चित्र चार वर्षांपासून ओळखत होतो. तीनदा स्टेटसला ठेवलं होतं. पण त्यातल्या मेंढ्या काय खातात, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

*

आधी माझ्या या छंदाबद्दल सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांना तो ओळखीचा वाटेल. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. क्लायंट इंग्लंडातला, त्यामुळे दुपारी सुरू झालेला दिवस रात्री अकराला संपतो. त्यानंतर फ्लॅटवर येऊन झोप येईपर्यंत मी जुनी ब्रिटिश चित्रं बघतो. बर्फातली चर्च, गोठलेली तळी, गवताच्या छपराची घरं, धुराड्यातून निघणारा धूर. आवडलेलं चित्र क्रॉप करून, खाली चार ओळींची गोष्ट लिहून पाठवून देतो. कुणीतरी लिहितं, "यार, इथे जाऊन राहावंसं वाटतं." मलाही तसंच वाटतं.

प्रत्यक्षात मी बर्फ एकदाच पाहिला, मनालीला, कॉलेजच्या सहलीत. तोही रस्त्याकडेला साचलेला, काळपट. मग ही ओढ आली कुठून? जे कधी आपलं नव्हतंच, त्याची आठवण कशी येते?

थोडा शोध घेतला तर उत्तर शाळेच्या चित्रकलेच्या वहीत सापडतं. बाईंनी "निसर्गचित्र काढा" म्हटलं की आमच्या वर्गातली सगळी पोरं एकच चित्र काढायची. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, एक नारळाचं झाड आणि उतरत्या छपराचं, धुराड्याचं घर. आमच्या गावातली जुनी घरं धाब्याची, सपाट छपराची. नदी वर्षातले आठ महिने कोरडी. नारळ बघायचा तो देवळात फोडताना. तरी एकाही पोराने सपाट छपराचं घर काढलं नाही. काढलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, "अरे, छप्पर कुठे आहे?" सुंदर म्हणजे दुसरीकडचं, हे आम्ही पाचवीतच शिकलो होतो. पुढे कॅलेंडरं आली, यात्रेत मिळणारे 'सीनरी'चे पोस्टर आले, नाताळात झाडावर कापसाचा बर्फ आला. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासून, म्हणजे नाताळ इथे जुनाच. बर्फ तेवढा कापसाचा.

गंमत अशी की खुद्द ब्रिटनमध्येही तो बर्फ बराचसा आठवणीतलाच आहे. चार्ल्स डिकन्सचा जन्म 1812 चा. त्याच्या लहानपणीचं ते दशक विलक्षण थंड होतं. 1814 च्या फेब्रुवारीत लंडनची थेम्स नदी इतकी गोठली की लोकांनी तिच्यावर जत्रा भरवली. त्यानंतर तशी जत्रा पुन्हा भरली नाही. 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढचं वर्ष युरोपात उन्हाळ्याविना गेलं. त्या थंडीत वाढलेल्या मुलाने 1843 मध्ये 'अ ख्रिसमस कॅरल' लिहिलं आणि नाताळ म्हणजे बर्फ हे समीकरण जगभर पक्कं झालं. आज ब्रिटनच्या हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे 25 डिसेंबरला बर्फाचा एक कण जरी पडताना दिसला तरी तो 'पांढरा नाताळ' धरतात. तो पडेल की नाही यावर लोक पैजा लावतात. ज्या गोष्टीवर पैज लागते ती रोजची नसते.

आमच्या क्लायंटकडचा एक सहकारी लीड्सजवळ राहतो. एकदा कॉलवर त्याच्या खिडकीत पांढरं दिसलं. मी म्हणालो, "किती सुंदर!" तो म्हणाला, "शाळा बंद आहे, दोन्ही मुलं घरात आहेत आणि या महिन्याचं गॅसचं बिल बघायची माझी हिंमत नाही."

*

माझा एक मित्र या सगळ्यावर चिडतो. तो इतिहासाचा अभ्यास करतो. त्याचं म्हणणं सरळ आहे. "1803 मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. तुझ्या जिल्ह्यात 1876-78 चा दुष्काळ पडला, माणसं मेली, तेव्हा लंडनमध्ये श्रीमंत लोक असलीच चित्रं दिवाणखान्यात लावत होते. त्यांच्या समृद्धीत तुझ्या पणजोबांच्या सारावसुलीचा वाटा होता. आणि तू त्यांच्या धुराड्यांसाठी उसासे टाकतोस? याला गुलामीची हौस म्हणतात."

त्याचे तपशील खरे आहेत. बरेच दिवस मला वाटायचं की निष्कर्षही खरा असावा. पण याच नगरच्या किल्ल्याने मला दुसरं उत्तर दिलं.

9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले गेले आणि कार्यकारिणीतल्या बारा जणांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिलं, हे आपल्याला शाळेत सांगतात. त्याच किल्ल्यात काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना आझाद पहाटे उठून उर्दूत पत्रं लिहीत होते. एका मित्राला उद्देशून लिहिलेली ती पत्रं टपालात पडणार नव्हतीच. 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती पुस्तकरूपात आली. त्यांत राजकारण थोडं आहे. चहा आहे, आणि खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांची एक लांबलचक, मिश्कील गोष्ट आहे. आधी आझाद त्यांच्याशी युद्ध करतात, मग मैत्री करतात, त्यांना नावं देतात.

आणि थंडी आहे. आझादांनी आपल्या सुखाची कल्पना लिहून ठेवली आहे. पाणी गोठेल इतका गारठा असावा, रात्र असावी, खोलीत भिंतीतली शेकोटी धडधडत असावी आणि तिच्याजवळ बसून आपण वाचत किंवा लिहीत असावं. म्हणजे ब्रिटिशांच्या कैदेत, पारनेरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, एक माणूस जवळजवळ माझ्याच स्टेटसचं चित्र रंगवत होता. तो गुलामीची हौस करत होता असं कुणी म्हणेल का? त्याच कैदेत असताना, 1943 च्या एप्रिलमध्ये, कलकत्त्यात त्यांची पत्नी वारली. तिला भेटण्यासाठी त्यांनी सरकारकडे अर्ज केला नव्हता. इतका ताठ माणूस मनातल्या शेकोटीशी मात्र संकोच न करता बसत होता.

याच नगरमध्ये 16 एप्रिल 1918 ला ब्रिटिश फौजेतल्या एका माणसाला मुलगा झाला. पुढे तो स्पाइक मिलिगन या नावाने बीबीसी रेडिओवरचा मोठा विनोदकार झाला. त्याचं बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं. शाळकरी वयात तो इंग्लंडला गेला आणि इकडच्या दिवसांबद्दल आयुष्यभर हळवेपणाने बोलत राहिला. मी नगरकडचा, मला त्यांच्या थंडीची ओढ. तो जन्माने नगरचा, त्याला आपल्या उन्हाची. ओढीला पासपोर्ट लागत नाही. तिचा जातपडताळणी दाखला मागणंही बरं नाही.

तेव्हा मित्राला मी एवढंच म्हणेन: परक्याच्या चित्रावर प्रेम करणं हा गुन्हा नाही. पण म्हणून मी सुटलो असं नाही. माझी चूक वेगळ्या ठिकाणी होती आणि ती मी आधीच एकदा करून बसलो होतो, आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसाच्या बाबतीत.

*

2014 चा फेब्रुवारी-मार्च तुम्हाला आठवत असेल. महाराष्ट्रभर गारपीट झाली होती. मी अकरावीत होतो आणि दोन दिवसांसाठी मामाकडे गेलो होतो. मामाची डाळिंबाची बाग. हस्त बहार धरलेला, फळं तोडणीला आलेली. दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळंनिळं झालं आणि पत्र्यावर दगड पडावेत तसा आवाज सुरू झाला. वीसेक मिनिटांत थांबला. बाहेर येऊन बघतो तर सगळं पांढरं. बांध पांढरा, वाट पांढरी, बागेत झाडांखाली पांढऱ्याचा थर आणि त्यावर लालभडक डाळिंबं. मावळतीचं ऊन ढगांखालून तिरपं आलं होतं. आयुष्यात मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

मी मामेभावाचा फोन घेतला, फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. वर लिहिलं: 'मामाचं स्वित्झर्लंड'.

लाल डाळिंबं झाडावर नव्हती, खाली होती, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. पण फोटोत ती फार छान दिसत होती.

रात्रीपर्यंत दोनशे लाइक झाले. कुठल्याशा नातेवाइकाने मामाला फोन करून हसत विचारलं, "काय, तुमच्याकडं काश्मीर झालं म्हणे?" मामी चुलीपुढे बसली होती, तिने मान वर केली नाही. मामाने माझ्याकडून फोन मागून घेतला, फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "चांगला आलाय फोटो. ठिवून दे भाच्या. पंचनाम्याला उपयोगी पडंल."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. तो खरोखर हिशेब करत होता की तलाठी येईल तेव्हा गारा वितळलेल्या असतील.

तो फोटो पुढे पंचनाम्याला जोडला गेला. फेसबुकवरचा मी काढून टाकला, पण तोवर तो बऱ्याच जणांनी पुढे पाठवला होता. आजही गारपीट झाली की असे फोटो फिरतात आणि त्यांवर हिमाचल, काश्मीर, स्वित्झर्लंड असं काहीतरी लिहिलेलं असतं. लिहिणारी माणसं वाईट नसतात. मीही नव्हतो.

या प्रसंगातली एक गोष्ट मला अजून सतावते. फोटो एकच होता. माझ्या हातात तो करमणूक होता, मामाच्या हातात पुरावा. एक पिक्सेलही बदलला नव्हता. बदलले होते ते त्यासोबतचे शब्द, आणि तो कुणासाठी ठेवला आहे हे.

*

आता पुन्हा फार्कहरसनकडे येतो. त्याचा जन्म 1846 चा, मृत्यू 1935 चा. ॲबर्डीनशर परगण्यात फिनझीन नावाची त्याच्या घराण्याची जहागीर होती. बर्फ आणि मेंढ्या हा त्याचा हातखंडा विषय. इतका, की लोक त्याला गमतीने 'गोठलेल्या मटणाचा फार्कहरसन' म्हणायचे. आजही ब्रिटनमधल्या नाताळच्या शुभेच्छापत्रांवर त्याची चित्रं छापतात. बर्फाचा निळसर, गुलाबी उजेड त्याच्याइतका खरा फार थोड्यांना जमला. त्याचं एक कारण असं की तो बर्फात जाऊन रंगवायचा. त्यासाठी त्याने चाकांवरची एक लाकडी खोली करून घेतली होती. तिला मोठी काच होती आणि आत शेगडी पेटलेली असायची.

हे वाचलं तेव्हा मी आधी हसलो. मग वाटलं, मी तरी कुठे बसलो होतो? मामाच्या ओसरीवर, पत्र्याखाली, कोरड्या कपड्यांत. बाग माझी नव्हती. कर्ज माझ्या नावावर नव्हतं. माझीही ती चाकांवरची खोलीच होती.

पण शेगडीजवळ बसणं हेच पाप आहे का? नाही. हात गारठले तर कुंचला धरता येत नाही. सुंदर दिसायला थोडं अंतर, थोडी ऊब लागतेच. बर्फात अडकलेल्या माणसाला बर्फाचा गुलाबी रंग दिसत नाही, त्याला घराची दिशा शोधायची असते. म्हणून सुंदर बघणाऱ्या प्रत्येकाला 'तू सुखवस्तू आहेस' असं सुनावत बसण्यात अर्थ नाही. तसं केलं तर चित्रंच उरणार नाहीत आणि जग काही त्यामुळे न्याय्य होणार नाही.

प्रश्न बघण्यापाशी अडत नाही, पाठवण्यापाशी अडतो. मी एकटा बघतो तेव्हा ते माझ्यापुरतं असतं. मी दुसऱ्याला पाठवतो तेव्हा त्याला 'हे असं आहे' असं सांगत असतो. ती एक प्रकारची साक्ष असते. साक्षीत जे सांगितलं त्याइतकंच जे गाळलं त्यालाही वजन असतं.

हेलन ॲलिंगहॅम नावाची एक चित्रकर्ती होती, 1848 ते 1926. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली जुनी खेडवळ घरं तिने जलरंगात शेकड्यांनी रंगवली. दारापुढे फुलं, फाटकाशी आई आणि बाळ. 1870 च्या दशकापासून तिकडच्या शेतीला मंदीने गाठलं होतं. गावं रिकामी होत होती, जुनी घरं पाडली तरी जात होती किंवा शहरातले लोक ती घेऊन नवी करत होते. ती घरं जाण्याआधी कागदावर राहावीत म्हणून ॲलिंगहॅम ती रंगवत होती. हेतू चांगलाच. पण चित्रं शहरातल्या भिंतींवर लागली आणि बघणाऱ्याला वाटू लागलं की खेडं म्हणजे ही फुलं. गळकं छप्पर, ओल, रिकामं ताट चित्रात आलंच नाही. आपल्याकडे पुण्याच्या रस्त्यांवर 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या लागतात, तसंच हे. माझी आजी तीस वर्षं चुलीपुढे खोकली. ती पाटीवर नसते.

अण्णांचा फोन आला त्या रात्री मी माझी जुनी स्टेटसं चाळली. जुनी निसर्गचित्रं आडवी असतात, फोनचा पडदा उभा. त्यामुळे प्रत्येक वेळी कडा कापाव्या लागतात. मूळ चित्रं शेजारी ठेवून बघितलं तर आठ-दहा चित्रांत मी माणूस कापला होता. कुठे लाकडाची मोळी नेणारी बाई, कुठे गाडीवान, कुठे कळपामागचा मेंढपाळ. ठरवून नाही. बर्फ आणि झाडं मध्यभागी छान बसत होती आणि माणूस कडेला होता, एवढंच. ज्या जिल्ह्याला आता धनगराच्या लेकीचं, चौंडीच्या अहिल्याबाईंचं नाव आहे, जिथल्या ढवळपुरीचे मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या कळप घेऊन कोकणात उतरतात, त्या जिल्ह्यातला मी. मेंढ्या ठेवल्या आणि मेंढपाळ कापला.

*

मला स्वतःलाच पडणारा एक आक्षेप इथे मांडतो. मग काय, प्रत्येक चित्राखाली कष्टकऱ्यांचा उल्लेख करायचा? बर्फाच्या फोटोला 'थंडीने माणसं मरतात' अशी तळटीप जोडायची? तसं करणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्याशी बोलून झालं की चित्रही नकोसं वाटतं आणि कष्टकरीही.

इथे मला अण्णांचा प्रश्न पुन्हा आठवतो. अण्णांनी मला नीतिपाठ दिला नव्हता. मेंढ्या काय खातात, एवढंच विचारलं होतं. म्हणजे ते चित्रात शिरले होते. त्यांच्यासाठी त्या मेंढ्या खऱ्या होत्या, त्यांना भूक होती, संध्याकाळ झाली होती आणि त्यांची सोय व्हायची होती. मी त्या चित्राला चार वर्षं भिंतीवरच्या कागदासारखं वापरत होतो. ते चित्र माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त पाहिलं होतं. प्रश्नाने चित्राची मजा गेली नाही. उलट मला पहिल्यांदाच ते चित्र थंड वाटलं.

मग मी उत्तर शोधलं आणि दोन दिवसांनी अण्णांना फोन केला. तिकडे हिवाळ्यात मेंढ्यांना साठवलेलं वाळलं गवत आणि सलगम घालतात. बर्फाच्या ढिगाखाली मेंढ्या गाडल्या गेल्या तर मेंढपाळ कुत्री घेऊन त्या शोधतात आणि खणून बाहेर काढतात.

"सलगम म्हंजी मुळ्यावानी?"

"हो, तसंच."

"मंग ते पेरत आसत्याल पावसाळ्यात. म्हंजी त्यांनाबी आधीच हिशेब धरावा लागतो," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात बरं वाटल्याची खूण होती. स्कॉटलंडच्या मेंढ्यांची सोय लागली होती.

त्या आठवड्यात मी तेच चित्र पुन्हा ठेवलं, न कापता. पडद्यावर ते बारीक दिसत होतं, वर-खाली काळ्या पट्ट्या. गोष्ट नवीन लिहिली. खिडकीतली मुलगी काढून टाकली. एक मेंढपाळ आहे, एक मेंढी कमी भरते आहे, तो पुन्हा मोजतो, आणि अंधार पडायला अर्धा तास आहे. बदाम अकरा आले. पण एका मैत्रिणीने विचारलं, "सापडते का ती?" चार वर्षांत माझ्या गोष्टीवर कुणी पहिल्यांदा प्रश्न विचारला होता.

पाठवण्याआधी मी आता एकच गोष्ट करतो. चित्रातल्या माणसाने किंवा जनावराने काय विचारलं असतं, ते बघतो. उत्तर नेहमी लिहितोच असं नाही. पण तो प्रश्न डोक्यात असला की हात कापताना जपून कापतो आणि लिहिताना 'स्वित्झर्लंड' लिहीत नाही.

*

जानेवारीत गावी गेलो होतो. थंडी चांगलीच होती, पहाटेचा पारा नऊच्या खाली. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, बारानंतर येणार. म्हणजे कांद्याला पाणी रात्रीच भरायचं. आई म्हणाली, "एकटं नका जाऊ, शिवेवर बिबट्या दिसलाय." म्हणून मीही निघालो. अण्णांच्या अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर, हातात बॅटरी आणि काठी. माझ्या अंगावर ऑफिसने दिलेलं जॅकेट.

मोटर सुरू झाली. अण्णा अनवाणी वाफ्यात उतरले, खोऱ्याने दारं धरू लागले. विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे पाटातून वाफ निघत होती. बॅटरीच्या उजेडात ती वाफ पांढरी दिसत होती, कांद्याच्या पातीवर दव चमकत होतं, आणि त्यात गुडघ्यापर्यंत वाफेत बुडालेला एक माणूस वाकलेला. वर आकाशभर चांदणं. मी बांधावर उभा होतो, कोरड्या बुटांत. माझी शेगडी.

फोन खिशातून निघाला होता. क्षणभर थांबलो आणि विचारलं, "अण्णा, फोटो काढू?"

अण्णांनी कंबर सरळ केली, बॅटरी स्वतःच्या तोंडावरून बाजूला केली.

"काढ की. पण लाईट रातची देत्यात, त्ये बी लिव्ह खाली."